झाडाखालच्या सावलीत बारमाही हिरवं काय टिकेल?

ओलमाती

नमस्कार मंडळी,

घरामागे मेपलचं जुनं झाड आहे. खोडापासून चहूबाजूंनी साधारण चार मीटर त्याची सावली पडते, म्हणजे जवळजवळ ५० चौरस मीटर जागा. तिथे गेल्या चार वर्षांत मी तीनदा हिरवळ पेरली. दरवेळी तेच होतं. वसंतात कोवळं गवत उगवतं, मी हरखून जाते, मग झाडाला पालवी फुटून छत दाटलं की गवत विरळ होत जातं. पानगळीपर्यंत खाली पुन्हा उघडी माती. पाऊस आला की ती वाहून जाते. आता झाडाची काही मुळं वर दिसायला लागली आहेत आणि मला गवतापेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटते.

गवताचा विचार सोडलाय. जमिनीलगत पसरेल, माती धरून ठेवेल आणि हिवाळ्यातही पानं टिकवेल असं काहीतरी हवंय. आमच्याकडे बर्फ पडतो, पारा उणे १५ पर्यंत उतरतो. रोपवाटिकेत चौकशी केली तर 'सावलीत चालेल' अशी पाटी लावलेली वीसेक रोपं दाखवली. त्यातलं नेमकं काय घ्यावं ते कळेना. आयव्ही सगळ्यांत भराभर पसरते म्हणाले. लावू का?

माळीबुवा

ओलमाती, आयव्हीचं नंतर बोलू. आधी दोन गोष्टी बघून सांगा.

एक, चांगला तासभर पाऊस पडून गेला की झाडाखाली खुरप्याने वीतभर खड्डा करा. माती किती खोलवर ओली झालीय? तसाच खड्डा सावलीबाहेर करून बघा.

दोन, एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी त्या जागेचं कच्चं चित्र काढा. थेट ऊन कुठे येतं, कवडसे कुठे पडतात आणि दिवसभर अंधारलेलं कुठे राहतं, एवढंच. हे काम उन्हाळ्यात एकदा आणि झाड उघडं असताना एकदा करायचं, कारण पानगळीच्या झाडाखालची हिवाळ्यातली जागा वेगळीच असते.

ओलमाती

काल सुदैवाने पाऊस झाला. झाडाखाली चार बोटांपर्यंत माती दमट होती, त्याखाली कोरडी ठणठणीत. खुरपं नीट जाईना, केसासारख्या बारीक मुळांची चटईच लागली. सावलीबाहेर मात्र वीतभर ओल होती. सकाळी पूर्वेकडच्या कडेला दीड-दोन तास ऊन असतं, बाकी सगळीकडे नुसते कवडसे. खोडाजवळ तेही नाहीत.

माळीबुवा

मग तुमचा प्रश्न निम्मा सुटला. तुमच्याकडे नुसती सावली नाही, कोरडी सावली आहे. बागेतली सगळ्यांत अवघड जागा हीच.

आपण सावली म्हटलं की फक्त उजेडाचा हिशोब करतो. हिरवळीच्या बहुतेक गवतांना चार-पाच तास तरी थेट ऊन लागतं, तेव्हा ते तिथे टिकणार नव्हतंच. पण उजेड कमी असूनही मजेत वाढणारी पुष्कळ झाडं आहेत. तुमच्या जागी त्यांना मारतं ते पाणी. पावसाचा बराचसा भाग वरच्या पानांवरच अडतो आणि तिथूनच वाफ होऊन जातो. जे खाली पोचतं ते झाडाची तंतुमुळं ओढून घेतात. मोठ्या झाडाची पाणी शोषणारी मुळं पाताळात गेलेली असतात असा समज आहे, पण ती बहुतेक सगळी वरच्या ३० सेंटीमीटरमध्ये असतात आणि छत्रीच्याही बाहेर पसरतात. मेपल या बाबतीत फार हावरा.

म्हणून 'सावलीत चालेल' ही पाटी अर्धवट आहे. सावलीत चालणारी निम्मी झाडं ओल्या सावलीतली असतात. नेचे, टायरेला, हॉस्टा तुमच्या खोडाजवळ लावले तर दर उन्हाळ्यात झारी घेऊन उभं राहावं लागेल. हॉस्टा तसाही हिवाळ्यात जमिनीखाली जातो, तेव्हा तुमच्या यादीतून तो बादच.

तुमच्या थंडीत आणि या कोरड्या सावलीत मी स्वतः लावलेली आणि टिकलेली सांगतो.

एपिमेडियम. हे पहिलं नाव. पानं हृदयाच्या आकाराची, तारेसारख्या बारीक देठांवर. झाडांच्या मुळांमध्ये जगायला हे जणू जन्मलेलं आहे. मात्र जात बघून घ्या. पेराल्चिकम 'फ्रोनलायटन' आणि पिनाटम कोल्चिकम या हिवाळ्यात पान धरून ठेवतात. ग्रँडिफ्लोरमची पानं गळतात आणि त्याला ओलही जास्त लागते. कुंडीवर नुसतं 'एपिमेडियम' लिहिलं असेल तर पूर्ण नाव विचारल्याशिवाय उचलू नका.

जिरेनियम मॅक्रोऱ्हायझम. आपण कुंडीत लावतो आणि ज्याला जिरेनियम म्हणतो ते खरं पेलार्गोनियम, हे त्याचं थंडीतलं भावंड. पानं चुरगळली की उग्र वास येतो. जाड खोड जमिनीवरच सरपटतं, त्याचा वीतभर तुकडा मोडून मातीत दाबला की लागतो. कडक हिवाळ्यात बरीच पानं जातात, राहिलेली लालसर होतात. पूर्ण सदाहरित म्हणता येणार नाही, पण खात्रीचं.

व्हिंका मायनर. गडद चकचकीत पानं, वसंतात निळी फुलं, उंची जेमतेम १५ सेंटीमीटर. फांदी जिथे मातीला टेकते तिथे पेरातून मूळ धरते, त्यामुळे माती वाहून जाण्यावर उत्तम इलाज.

पॅकिसँड्रा टर्मिनालिस. मूळचा जपान-चीनकडचा. जमिनीखालून पसरतो आणि एकसारखी गादी करतो. थोडी आम्ल माती आवडते. एकदा रुजला की कोरडं सोसतो, पण पहिली दोन वर्षं पाण्याचा लाड करावा लागतो. उन्हात पिवळा पडतो, तेव्हा पूर्वेची कडा त्याला देऊ नका.

मुळाक्षर

माळीबुवांच्या यादीला एक तळटीप, कारण यात आपल्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. व्हिंका म्हणून शोधलं की आपल्या सदाफुलीचे फोटो समोर येतात. सदाफुलीचं जुनं शास्त्रीय नाव व्हिंका रोझिया होतं. आता ती कॅथरँथस रोझियस. मूळची मादागास्करची, तिला कडक ऊन हवं, आणि बर्फात ती एक रात्रही काढणार नाही. कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधं तिच्यातूनच मिळाली. जमिनीवर सरपटणारी व्हिंका मायनर ही युरोपातली, दोघी एकाच कुळातल्या पण सवयी अगदी उलट. बियांचं पाकीट मागवलंत आणि त्यावर नुसतं 'व्हिंका' असेल तर बहुतेक सदाफुलीच निघेल.

आणखी एक. व्हिंका मेजर हे तिचं मोठं भावंड. पान मोठं, वाढ उधळलेली, लांब फांद्या कमानीसारख्या झेप घेत दूर जाऊन रुजतात. लहान बागेत ती नको. मायनरही काही प्रदेशांत बागेची वेस ओलांडून जंगलात शिरली आहे, तेव्हा कुंपणापलीकडे रान असेल तर तीही नको.

पानगळ

ओलमातीताई, आयव्ही लावू नका. मी ज्या घरात राहायला आलो तिथे आधीच्या लोकांनी ती लावलेली होती. पहिली दोन वर्षं मीच सगळ्यांना कौतुकाने दाखवायचो. बर्फातून डोकावणारी हिरवी पानं खरंच सुंदर दिसतात.

तिसऱ्या वर्षी ती कुंपण ओलांडून शेजाऱ्यांच्या वाफ्यात गेली. चौथ्या वर्षी बर्चच्या खोडावर दोन पुरुष उंच चढली होती. काढायला लागलो तेव्हा कळलं काय आहे ते. वरून ओढली की तुटते, राहिलेल्या प्रत्येक पेरातून पुन्हा फुटते. हातमोजे न घालता एक दुपार काम केलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले, आठ दिवस खाज. तिच्या रसात फाल्करिनॉल असतं, पुष्कळांच्या कातडीला ते चालत नाही. त्या जागेवर मी सलग तीन हंगाम काम करतोय आणि अजून कडेला एखादं पान दिसतंच.

भराभर पसरतं ही रोपवाटिकेतली स्तुती ऐकली की आता मी एकच विचारतो, थांबवायचं कसं?

निळाईनगर

पानगळ, तुमचा त्रास समजतो, पण आयव्हीला सरसकट वाईट म्हणू नये असं मला वाटतं. युरोपात ती तिथलीच आहे. शरदात बाकी सगळी फुलं संपतात तेव्हा ती फुलते आणि मधमाश्यांना, माश्यांना शेवटचा मध देते. हिवाळ्याच्या अखेरीस तिची फळं पक्षी खातात. ती झाडाचा रस शोषत नाही, ती बांडगूळ नव्हे.

मुळाक्षर

दोघांचंही बरोबर आहे, आणि त्याचं कारण तिच्या वाढीतच आहे. आयव्हीची दोन वयं असतात. जमिनीवर सरपटते तोवर ती कोवळ्या वयातली, पानं पाच कोपऱ्यांची, फूल नाही, फळ नाही. उंच चढून उजेडात पोचली की पान साधं अंडाकृती होतं आणि मग फुलं-फळं धरतात. म्हणजे मध आणि पक्ष्यांचं खाद्य हवं तर तिला चढू द्यायला हवं, आणि जिथे ती परकी आहे तिथे नेमकी तीच फळं पक्ष्यांमार्फत जंगलभर जातात. उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी ती याच वाटेने जंगलाच्या तळावर पसरली आणि खालची रानफुलं गुदमरली.

तेव्हा माझं मत असं: जिथली मूळची तिथे, आणि वर्षातून दोनदा कडा छाटायची तयारी असेल तर ठेवा. बाकी कुठेही नको. आपल्या भागात कुठली झाडं आक्रमक ठरवली आहेत याची यादी वनखातं किंवा कृषी विद्यापीठ ठेवतं, रोप आणण्याआधी ती बघावी.

पानगळ

निळाईनगर, मधमाश्यांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेजारच्या जुन्या भिंतीवरची आयव्ही ऑक्टोबरात नुसती गुणगुणत असते, ते आठवलं. तरी ओलमातीताईंच्या झाडाखाली नकोच.

कवडसा

मस्त चाललीय चर्चा. पण आमच्यासारख्या उष्ण, दमट हवेतल्या लोकांनी काय करायचं? इथे एपिमेडियम मिळणारच नाही. आंब्याचं मोठं झाड आहे, बारा महिने गर्द सावली, उन्हाळ्यात खाली धूळ आणि पावसाळ्यात चिखल. शिवाय घराच्या मागच्या भिंतीलगत एक अरुंद पट्टा आहे, तिथे कधीच ऊन येत नाही आणि माती सदा ओली. घरात मांजर आहे.

नेचाप्रेमी

कवडसा, हा माझा आवडता विषय. उष्ण हवेत थंडीची भीती नाही, म्हणून 'सदाहरित' या शब्दाचा अर्थही बदलतो. तिथे कसोटी हिवाळ्याची नसून कोरड्या महिन्यांची आणि मुसळधार पावसाची असते. कचोरासारखी दिसणारी, मोरपंखी पानांची केम्फेरिया पावसाळ्यात अप्रतिम दिसते, पण कोरड्या दिवसांत ती गड्ड्यात जाते आणि जागा उघडी पडते. भुईचाफाही तसाच. त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आंब्याखाली मी आधी क्लोरोफायटम कोमोसम लावीन, म्हणजे तो हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्पायडर प्लांट. लोक त्याला टांगत्या कुंडीतच बघतात, पण जमिनीवर तो फार छान गादी करतो. त्याची मुळं मुळ्यासारखी जाड आणि पाणी साठवणारी, म्हणून कोरडे आठवडे काढतो. लोंबत्या देठांवरची पिल्लं मातीला टेकली की रुजतात, तुम्हाला वेगळी रोपं करावी लागत नाहीत. आणि मांजरासाठी तो विषारी नाही.

त्याच्या जोडीला ओफिओपोगॉन, म्हणजे मॉन्डो ग्रास. नावात ग्रास असलं तरी गवत नव्हे, शतावरीच्या कुळातला आहे. गडद हिरवी दोऱ्यासारखी पानं, ठेंगणी जात तर सात-आठ सेंटीमीटरच्या वर जात नाही. कापायला लागत नाही. वाढीला फार हळू आहे, हा त्याचा एकच दोष आणि मला तर तो गुण वाटतो. लिरिओपे त्याच्याहून थोडा मोठा, जांभळ्या फुलांचे तुरे येतात. त्यात मस्कारी ही जात ठोंब करून राहते आणि स्पिकाटा जमिनीखालून पळते, घेताना विचारा. हे दोन्ही माफक थंडीही सोसतात.

जिथे कवडसे जास्त तिथे हेमिग्राफिस. पानाची वरची बाजू राखाडी-जांभळी, खालची वांगी रंगाची. सावली गर्द झाली की तो रंग उतरून पान हिरवट होतं, त्यावरूनच उजेडाचा अंदाज घेता येतो. पाण्याला मात्र तो हळवा आहे, दोन दिवस कोरडे गेले की मान टाकतो.

आणि आपली पिंपळी. औषधाची पिंपळी, पायपर लाँगम. ही मिरवेलीची बहीण जमिनीवर सुंदर पसरते, हृदयाकार पानं, पेरापेराला मुळं. मोठ्या झाडांखालची अर्धी सावली आणि पालापाचोळ्याची भुसभुशीत माती हेच तिचं माहेर. इतकं सोपं आणि आपलं झाड बागेत फारसं कोणी लावत नाही याचं मला वाईट वाटतं.

भिंतीलगतच्या ओल्या पट्ट्यात नेचे लावा, दुसरा विचार नको. नेफ्रोलेपिस धावत्या देठांनी पसरतो, त्याच्या पुढे सेलाजिनेला लावली तर निळसर हिरवा गालिचा होतो. पायलिया नुम्युलॅरिफोलियाही तिथे जमिनीला चिकटून जाईल. फक्त पाणी साचून राहत नाही एवढं बघा. ओल वेगळी, साचलेलं पाणी वेगळं.

आता मनी प्लांट आणि सिंगोनियम. दोन्ही सावलीत झकास पसरतात, पण दोन्हींच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजराने चावलं तर तोंड सुजतं, लाळ गळते. शिवाय मनी प्लांट जमिनीवर आहे तोवर त्याचं पान तळहाताएवढं राहतं, आंब्याच्या खोडावर चढला की सुपाएवढं होतं. तुमच्याकडे मांजर आहे, तर मी दोन्ही टाळीन.

कवडसा

किती सविस्तर, मनापासून आभार. शेजारी एकाच फांदीवरून सगळं अंगण भरणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया आहे, ती देतो म्हणाले आहेत. घेऊ?

नेचाप्रेमी

नको. वेडेलिया, आताचं नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, ही जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. तोडलेला तुकडा ओढ्यात पडला तरी काठावर जाऊन रुजते. तशीच पांढऱ्या फुलांची ट्रेडेस्कँशिया फ्लुमिनेन्सिस. ती सावलीतच वाढते आणि तिच्यातून चालून गेलेल्या कुत्र्यांच्या पोटाला, पंजांना लाल चट्टे येतात. चंदेरी पट्ट्यांची झेब्रिना दिसायला देखणी, पण मोडलेला प्रत्येक तुकडा जगतो. ती कुंडीत ठेवावी, जमिनीत नको. छाटलेले तुकडे कचऱ्यात उघडे टाकू नयेत, आधी उन्हात पूर्ण वाळवावेत.

ओलमाती

मी यादी ठरवली: मुळांच्या दाटीत एपिमेडियम आणि जिरेनियम, उताराच्या बाजूला व्हिंका, उत्तरेकडे पॅकिसँड्रा. आता लावायचं कसं? मुळांमध्ये खड्डाच होत नाही. वर अर्धा फूट चांगली माती पसरून त्यात लावलं तर?

माळीबुवा

तेवढं मात्र करू नका. माझ्या हातून तरुणपणी एका चांगल्या झाडाचं नुकसान याच कारणाने झालं. वरची मुळं श्वास घेतात. त्यांच्यावर अचानक वीतभर माती पडली की हवा तुटते, आणि खोडाला माती टेकली तर साल कुजते. परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार वर्षांनी शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागतात, तोवर कारण कुणाला आठवत नाही.

त्याऐवजी असं करा. कुदळ बाजूला ठेवा, हातखुरपं घ्या. मुळांच्या मधल्या फटी बोटांनी चाचपून शोधा आणि मूठभर खड्डा करा. करंगळीएवढं मूळ तुटलं तर चालेल, अंगठ्याहून जाड मूळ आलं तर खड्डा सरकवायचा. म्हणूनच मोठ्या कुंडीतली रोपं घेऊ नयेत. लहान ट्रेमधली, अंड्याएवढा मुळांचा गोळा असलेली रोपं फटीत बसतात आणि लवकर रुजतात. प्रत्येक खड्ड्यात मूठभर कुजलेला पालापाचोळा घाला. लावून झालं की सगळ्या जागेवर दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं किंवा लाकडाच्या सालीचं आच्छादन, खोडापासून वीतभर लांब. खोडाभोवती हात-दीड हात जागा मोकळीच राहू द्या, तिथे काही जगत नाही आणि जगवूही नये.

तुमच्या हवेत लागवड पानगळीच्या सुरुवातीला करा. माती अजून उबदार असते आणि झाडाची पाण्याची ओढ कमी होत असते. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी. रोज शिंतोडे मारलेत तर ते पाणी मेपलच पिईल आणि रोपांची मुळं वरच राहतील. पाणी सकाळी द्या, रात्रभर ओली राहिलेली पानं करप्याला बोलावतात.

मुळाक्षर

रोपं किती लागतील याचा हिशोब देतो. दोन रोपांत ३० सेंटीमीटर अंतर ठेवलं तर चौरस मीटरला साधारण ११ रोपं, २० सेंटीमीटर ठेवलं तर २५. चौकटीऐवजी एकाआड एक, त्रिकोणी मांडणी केली तर सुमारे १५ टक्के रोपं जास्त लागतात, पण उघडी माती लवकर झाकते आणि उतारावर पाण्याला सरळ वाट मिळत नाही.

तुमच्या ५० चौरस मीटरला ३० सेंटीमीटरवर साडेपाचशे रोपं होतात. एकदम एवढी लावू नका. एक तृतीयांश भाग नीट लावा, बाकी जागेवर नुसतं आच्छादन ठेवा आणि पहिल्या भागातल्या रोपांचे ठोंब फोडून, फांद्या दाबून पुढचा भाग भरत जा.

मृदगंध

एक शंका. मेपलची एवढी पानं या सगळ्यावर पडणार. रोज झाडायची का?

माळीबुवा

नाही. एपिमेडियम आणि जिरेनियम वीत-दीड वीत उंच असतात, पानं त्यांच्यात जिरून जातात आणि तेच त्यांचं खत. व्हिंका आणि अजुगासारखी बुटकी झाडं मात्र ओल्या मोठ्या पानांच्या थराखाली कुजतात. त्यांच्यावरची पानं हाताने किंवा बांबूच्या पंजाने हलकेच ओढून घ्या आणि खोडाकडच्या मोकळ्या आच्छादनावर टाका. लोखंडी दात्यांचा पंजा नको, रुजलेल्या फांद्या उपटून येतात.

आणि खत फार घालू नका. सावलीतली झाडं हळू वाढतात, हळूच वाढू द्यावीत. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, मग गोगलगायी आणि बुरशी. वर्षातून एकदा चाळलेलं कंपोस्ट पातळ पसरलं की पुरे.

मृदगंध

अजुगाचं नाव निघालं म्हणून, माझा अजुगा दोन वर्षं सुंदर पसरला आणि एका दमट आठवड्यात मधोमध काळा पडून बसला.

नेचाप्रेमी

बुंधा कुजण्याचा रोग आहे. अजुगा दाट झाला, हवा खेळेना आणि दमट उष्मा आला की असंच होतं. काळी रोपं मातीसकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका. कडेची निरोगी पिल्लं दुसऱ्या, निचरा होणाऱ्या जागी लावा. दर दोन वर्षांनी विरळणी केली की पुन्हा सहसा होत नाही.

ओलमाती

जवळजवळ दीड वर्षाने परत येतेय. तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात, तर काय झालं ते सांगायलाच हवं.

१६ चौरस मीटर लावलं. मुळांमधल्या फटी शोधण्यात तीन शनिवार-रविवार गेले, गुडघे दुखले, पण जाड मूळ एकही तोडलं नाही. जिरेनियमने पहिल्याच उन्हाळ्यात जागा धरली. मोडलेले तुकडे मी नुसते पालापाचोळ्यात दाबले होते, बहुतेक सगळे लागले. व्हिंका उतारावर हातभर पुढे गेलीय आणि या वर्षीच्या पावसात तिथून माती वाहिली नाही. उघडी पडलेली मुळं पुन्हा झाकायला लागली आहेत, मला सगळ्यांत जास्त आनंद त्याचा झाला.

पॅकिसँड्राचं अर्धं जमलं. उत्तरेकडचा गडद हिरवा आहे, पण मी दोन ओळी हट्टाने पूर्वेकडे नेल्या होत्या, त्या पिवळ्या पडल्या. त्या तिथून हलवल्या. काही पानांवर तपकिरी वलयं आली होती, ती कापून टाकली आणि तिथलं आच्छादन पातळ केलं, पुढे पसरली नाहीत.

एपिमेडियम मात्र जिथे लावलं तिथेच आहे. मेलं एकही नाही, पण वाढही फारशी दिसत नाही. हिवाळ्यात पानं तांबूस झाली आणि आता कडा वाळल्यात. ती तशीच राहू द्यायची का कापायची?

माळीबुवा

वाचून फार बरं वाटलं. एपिमेडियमला अजून एक वर्ष द्या, ते आधी जमिनीखालचं काम करतं.

पानं कापायची, आणि नेमकं आत्ताच. हिवाळा सरता सरता, नवीन फुटवा वर यायच्या आधी, जुनी पानं जमिनीलगत छाटा. एक आठवडा उशीर झाला तर कात्रीत फुलांचे देठही जातात. छाटण्याआधी एखाद्या ठोंबाची पानं बाजूला सारून बुंध्याशी बघा.

ओलमाती

आत्ताच बघून आले. जुन्या पानांच्या खाली, बुंध्यापाशी, गुलाबीसर देठ वर आलेत, माना खाली घातलेल्या, आकड्यासारखे वळलेले. एका ठोंबात सात मोजले. कात्री आणायला घरात आले होते, तेवढ्यात हे लिहून टाकलं.